आईला व्हेंटिलेटर नको आहे. तिचं ऐकलं तर आम्ही तिला मरू दिलं असं होईल का?

नाही. मी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या वॉर्डात नर्स आहे. हाच प्रश्न मला कितीतरी मुलं-मुली खोलीबाहेर गाठून हळू आवाजात विचारतात.

तुम्ही लिहिलंय की आईचा कॅन्सर सगळीकडे पसरलाय, पण ती पूर्ण शुद्धीत आहे आणि समजून-उमजून बोलते. मग नको असलेला उपचार नाकारणं हा तिचा हक्क आहे, त्याला तुमची परवानगी लागत नाही. व्हेंटिलेटर न लावणं म्हणजे इच्छामरणाचं इंजेक्शन देणंही नव्हे. मृत्यू आजाराने येतो; मशीन आजार बरा करत नाही, श्वास तेवढा चालू ठेवतं.

तिने व्हेंटिलेटर नाकारलाय, उपचार नाकारलेले नाहीत. वेदना, धाप, मळमळ, घालमेल यांवर शेवटपर्यंत औषधं असतात. मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचं औषध, त्याला घाबरू नका. सिसिली साँडर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषा केंद्र, सुरू केलं, तिथे वेदना उसळायची वाट न बघता ठरल्या वेळी मॉर्फिन दिलं जायचं. आजही तसंच देतात. योग्य मात्रेत त्याने मरण लवकर येत नाही, धापही कमी होते. बद्धकोष्ठता मात्र होतेच, तेव्हा पहिल्या दिवसापासून त्यावरचं औषध मागून घ्या.

खाण्यावरून सगळ्यांत जास्त जीव तुटतो. आमच्याकडे एक मुलगी तासन्‌तास आईच्या ओठांशी चमचा धरून बसायची आणि आई तोंड घट्ट मिटून घ्यायची. शेवटच्या दिवसांत शरीराला भूकच लागत नाही. बळेबळे भरवलं तर ठसका लागतो, सलाइन जास्त झालं तर सूज येते, छातीत घरघर वाढते. मी त्या मुलीच्या हातात ओला कापसाचा बोळा दिला. त्याने ती आईचे ओठ, जीभ ओली करत राहिली. आईने पहिल्यांदा तोंड उघडलं.

आई बोलू शकते तोवर तिच्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या: काय करायचं नाही, आणि तिला बोलता येईनासं झालं तर तिच्या वतीने कोण बोलणार. कागद कायद्याने ग्राह्य कसा धरला जाईल ते डॉक्टरांना विचारा, नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. एक प्रत फाइलला लावा. भावंडांनाही आत्ताच सांगा. ऐन वेळी दूरच्या गावाहून आलेला भाऊ "सगळं करा" म्हणतो आणि नको ते घडतं. तिचं मन बदललं तर कागदही बदलता येतो.

आणि तिला कशाची भीती वाटते तेही विचारा. एका आजींनी मला सांगितलं होतं, "रात्री दिवा मालवू नका." आम्ही नाही मालवला.