कॉलेज बंद आहे, मग प्रवेश कशाला?

प्रश्न: मुलीला यंदा, २०२१ला, दहावीत ८८ टक्के पडले. पण ती रडवेली होऊन म्हणते, "अण्णा, मला काही येत नाही. मार्क नुसते दिलेत." घरात फोन एकच, तो माझ्याबरोबर कामावर जातो. घरचे म्हणतात, कोरोनामुळे कॉलेज बंदच आहे, यंदा थांबव. काय करू?
– एक पालक, आटपाडी तालुका

उत्तर: भाऊ, थांबवू नका. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते. टाळेबंदीत 'यंदा थांबू' म्हणून घरी बसलेल्या मुलींच्या घरी स्थळं यायला लागली, हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. वर्ष गेलं की मुलगी परत वर्गात येईलच, याचा भरवसा मला वाटत नाही.

अकरावीची प्रवेश परीक्षा (सीईटी) उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली, म्हणजे प्रवेश दहावीच्या गुणांवरच. यंदा, २०२१ला, तुमच्याकडे ऑनलाइन फेऱ्यांची भानगड नाही, थेट कॉलेजात अर्ज करायचा. तिथे आधी विचारा, तुकडी अनुदानित, म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, आहे का? अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी माफ असते.

आता तिच्या रडण्याचं. यंदा बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, म्हणून शंभरातले ५० गुण नववीचे धरलेत आणि तिच्या नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा कोरोनामुळे झालीच नव्हती. उरलेल्यातले ३० शाळेच्या लेखी मूल्यमापनाचे, २० तोंडी-प्रात्यक्षिकाचे. म्हणजे सलग तीन तास बसून अख्खा पेपर सोडवायची सवय तिला लागलेलीच नाही. तिची भीती खरी आहे, तिला 'उगाच घाबरतेस' म्हणू नका. पण यात तिचा काडीचाही दोष नाही, हे मात्र तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

सायन्स घेणार असेल तर आधी दहावीचं गणित भाग २ उघडायला सांगा. त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमिती, एवढी दोनच प्रकरणं. सोडवलेली उदाहरणं झाकून, स्वतः वहीत करायची. अकरावीचं गणित इथेच अडतं. तिथे पुस्तक इंग्रजीत असेल, तर रोजचे चार-पाच शब्द मराठी अर्थासह लिहून ठेवू दे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. एकदा उतरवली की नेट लागत नाही.

आणि फोन रात्री जेवणानंतर तासभर तिचा, हे आजच घरात सगळ्यांसमोर ठरवा. गणित अडलं तर वहीच्या पानाचा फोटो मासिकाकडे पाठवू दे, मी बघेन.