डॉपलरमधला लाल-निळा रंग आणि वाढलेला वेग

प्रश्न : बाबांच्या (वय ७१) मानेच्या रक्तवाहिन्यांचा कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला. स्क्रीनवर लाल आणि निळं दोन्ही दिसत होतं, निळं म्हणजे अशुद्ध रक्त का? आणि रिपोर्टात डावीकडे वेग १८० सेंमी प्रति सेकंद, ब्लॉक ५० ते ६९ टक्के असं लिहिलंय. वेग जास्त म्हणजे रक्त छान वाहतंय ना, मग डॉक्टर काळजीत का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, रंगाचा शुद्ध-अशुद्धशी काही संबंध नाही. रक्त प्रोबच्या (मानेवर फिरवतात त्या यंत्राच्या) दिशेने येत असेल तर साधारणपणे लाल, लांब जात असेल तर निळं, आणि टेक्निशियनने बटण दाबून सेटिंग उलटं केलं की तीच धमनी निळी दिसते. ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉपलरने १८४२ मध्ये मांडलेलं तत्त्व हेच, हलणाऱ्या वस्तूवरून परत येणाऱ्या लहरींची फ्रिक्वेन्सी बदलते, इथे ती हलणारी वस्तू म्हणजे तांबड्या पेशी.

आता वेगाचं. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं ना, तसंच धमनी चरबीच्या थराने अरुंद झाली की तेवढ्या जागी रक्त जोरात पळतं. मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या आतल्या कॅरोटिड धमनीत १२५ च्या खाली वेग असेल तर सहसा ठीक धरतात, १२५ ते २३० म्हणजे ५० ते ६९ टक्के, त्यावर गेला तर ७० किंवा जास्त. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कारण धमनी जवळजवळ बंदच झाली असेल तर वेग उलट कमी होतो, आणि प्रोबचा कोन ६० अंशांपेक्षा जास्त झाला तरी आकडा फसवतो. म्हणून स्क्रीनवर थर किती दिसतोय तेही बघतात.

डॉक्टरांनी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) सांगितली तर घाबरू नका, फक्त त्यात आयोडीनचा डाय देतात म्हणून किडनीचा त्रास, मधुमेह किंवा आधी डायची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. थरात कॅल्शियम खूप असेल तर सीटीत ब्लॉक आहे त्यापेक्षा मोठा दिसू शकतो, हेही विचारून घ्या.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, तंबाखू असेल तर ती आजच सुटली पाहिजे. आणि बाबांचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं (ही पक्षाघाताची लक्षणं), तर दहा मिनिटांत बरं वाटलं तरी घरी थांबू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला न्या, आणि हा रिपोर्ट बरोबर ठेवा.