पॉइंटर की लॅब्रॅडॉर? गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या नेमबाजाला उत्तर

प्रश्न थोडक्यात: वय २४. वाळपईजवळच्या गावात आई-बाबांबरोबर राहतो. कुंडईला कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ३४,००० रुपये. ट्रॅप नेमबाजी (उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायचा खेळ) शिकतोय, सध्या क्लबच्या बंदुकीवर. स्वतःच्या बारा बोअर बंदुकीसाठी परवान्याचा अर्ज करायचा आहे. बचत खात्यात ८२,००० आहेत. इंग्लंडमधल्या शिकारीचे व्हिडिओ बघून पहिला गनडॉग (शिकारीत बंदुकीबरोबर काम करणारा कुत्रा) घ्यायचं ठरवलंय. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरचं पिल्लू ४५,००० ला मिळतंय, ‘हंटिंग लाइन’चं, म्हणजे शिकारी वंशाचं आहे म्हणतात. विकणारा सहा हप्ते करून द्यायला तयार आहे. कॉकर स्पॅनियल २५,००० ला आणि लॅब्रॅडॉर १८,००० ला आहे. पुढे पिल्लं विकून पैसे वसूल होतील असं मित्र सांगतात. कुठली जात घेऊ?

उत्तर: लॅब्रॅडॉर घ्या, आणि जानेवारीत घ्या. हप्त्यावर काहीही घेऊ नका. पण पॉइंटर का नको हे कळल्याशिवाय तो तुमच्या डोक्यातून जायचा नाही, म्हणून सगळा हिशेब मांडतो.

तुमचेच आकडे घेऊ. पगारातले १०,००० घरात देता, ४,२०० मोटरसायकलचा हप्ता, ५,५०० नेमबाजीवर, ३,००० एसआयपी, पेट्रोल आणि वरखर्च ६,५००. उरतात ४,८००. तेही ज्या महिन्यात लग्नकार्य नाही, जत्रा नाही, गाडीचं काम निघालं नाही अशा महिन्यात. खात्यात ८२,००० दिसतात खरे, पण उद्या नोकरी गेली तर घरचे पैसे, हप्ता आणि तुमचा वरखर्च मिळून महिन्याला २०,७०० लागणारच. तीन महिन्यांचे झाले ६२,१००. त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे कुत्र्यासाठी आज तुमच्याकडे जेमतेम २०,००० आहेत. ४५,००० चं पिल्लू हप्त्यावर घेतलंत तर महिन्याला ७,५०० द्यावे लागतील, आणि ते खायलाही मागेल.

पिल्लाची किंमत हा या व्यवहारातला सगळ्यात लहान आकडा आहे. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर तीसेक किलोचा. दिवसाला सव्वातीनशे ग्रॅम कोरडं खाद्य म्हणजे महिन्याला दहा किलो, बऱ्यापैकी ब्रँडचे ३,००० धरा. गोचीड-पिसवांची गोळी आणि जंताचं औषध ८००. वर्षाच्या लसी महिन्यावर वाटून २५०. डॉक्टरसाठी बाजूला ७००. पट्टा, साबण, चार दिवस बाहेर गेलात तर कुणाकडे ठेवायचे पैसे, असे २५०. झाले ५,०००. वर्षाला ६०,०००, आणि कुत्रा बारा वर्षं जगला तर आजच्या भावाने सात लाख वीस हजार. महागाई ६ टक्के धरली तर हा आकडा दहा लाखांच्या वर जातो. बँकेचं कर्ज मुदतीआधी फेडता येतं, हे फेडता येत नाही.

इथे आमच्या आर्थिक सल्ल्याच्या धंद्यातले लोक लगेच सांगतात की हेच ५,००० दरमहा गुंतवलेत, १० टक्के परतावा मिळाला, तर बारा वर्षांत पावणेचौदा लाख होतील. गणित बरोबर आहे, पण मी ते तुमच्यापुढे ठेवणार नाही. कुत्रा हा हौसेचा खर्च आहे आणि कमावत्या माणसाला हौस असावी. मला एवढंच बघायचंय की ही हौस दर महिन्याला तुम्हाला झेपेल का, आणि ज्या कामासाठी जास्त पैसे मोजताय ते काम त्या कुत्र्याला इथे मिळेल का. पॉइंटर अडतो तो या दुसऱ्या प्रश्नावर.

गनडॉगमध्ये कामाची वाटणी असते. पॉइंटर आणि सेटर लांबवर पळत वास काढतात आणि पक्षी सापडला की जागच्या जागी थिजून दाखवतात. स्पॅनियल बंदुकीच्या टप्प्यात राहून झुडपं उकरतो आणि पक्षी उठवतो. लॅब्रॅडॉर, गोल्डनसारखे रिट्रीव्हर शांत बसून राहतात, पक्षी कुठे पडला ते लक्षात ठेवतात आणि सांगितल्यावर तोंडात न चिरडता आणून देतात. तुमचा शॉर्टहेअर्ड ही तिन्ही कामं करतो म्हणून तिकडे त्याचं कौतुक आहे. पण तिकडे फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असा कायदेशीर असतो आणि एका नेमबाजाला एकट्याने रान तुडवता येतं. ट्रॅपमध्ये तर कुठल्याच कुत्र्याला काम नाही. फुटलेल्या मातीच्या तबकड्या कुणी आणून द्याव्यात अशी अपेक्षा नसते.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचा परवाना ही गोष्टच उरलेली नाही. तुमच्या पत्रात ‘फॉरेस्टच्या कडेला थोडं काम करून घेईन’ असं एक वाक्य आहे. म्हादई अभयारण्य तुमच्या उंबऱ्यावर आहे, आणि सत्तरीत रात्री डुकरामागे कोण जातं हे मला सांगायला नको. शेती राखायच्या बंदुकीचा परवाना घरात असला तरी तो शिकारीचा परवाना होत नाही. मी फक्त पैशाचं बोलतो. गुन्हा शाबीत झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद, २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड, शिकार अभयारण्यात केली असेल तर कैद तीन ते सात वर्षं, आणि ज्या हत्याराने गुन्हा केला त्याचा परवाना रद्द करून पुढची पाच वर्षं परवाना देऊ नये असंही न्यायालय सांगू शकतं. म्हणजे ज्या बारा बोअरसाठी तुम्ही पैसे जमवताय तीच जायची.

शिकार वगळली की रिट्रीव्हरचं काम जवळजवळ पूर्ण शिल्लक राहतं. ब्रिटनमध्येही गनडॉगच्या ‘वर्किंग टेस्ट’ कॅनव्हासच्या डमीवर होतात, जिवंत पक्ष्यावर नाही. जुन्या जाड कापडाची पिशवी शिवा, त्यात भाताचा भुसा आणि थोडी वाळू भरून वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणा, टोकाला दोरी बांधा. कापणी झालेल्या शेतात मेरेपलीकडे (बांधापलीकडे) ती भिरकावायची, कुत्र्याला मिनिटभर नुसतं बसवून ठेवायचं, मग नाव घेऊन सोडायचं. लॅब्रॅडॉरचं अख्खं शिक्षण एवढ्यावर उभं राहतं आणि खर्च शिलाईच्या दोऱ्याचा. पॉइंटरही डमी आणेल, पण त्याच्या अंगातली जी कला विकणारा ‘हंटिंग लाइन’ म्हणून विकतोय ती रानातल्या पक्ष्याच्या वासावरच खुलते. तुमच्या शेतात तो वास मोराचा असेल, आणि मोर त्या कायद्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक संरक्षणाच्या परिशिष्टात आहे. वापरता न येणाऱ्या गुणासाठी तुम्ही लॅब्रॅडॉरपेक्षा २७,००० जास्त मोजणार.

शिवाय पॉइंटर मोकळा सोडला की जवळ राहत नाही, लांब जातो. त्याला रोज दोन तास दमवावं लागतं, आणि तुमची शिफ्ट ड्युटी आहे. घराला कुंपण नाही असं लिहिलंय, म्हणजे पाच फुटी जाळी आणि खांब आले. साध्या परसाचेही तीस-चाळीस हजार होतील. डिचोली-सत्तरीत बिबट्या गावात येतो तो बहुतेक कुत्र्यासाठीच. कुळागरात (सुपारीच्या बागेत) आणि बांधावर नाग, घोणस असतात. झुडपात नाक खुपसणाऱ्या कुत्र्याला साप चावला तर प्रतिविषाच्या कुप्या, सलाईन, डॉक्टरकडे दोन रात्री मिळून बिल सहज पाच आकडी होतं. यातला कुठलाच धोका लॅब्रॅडॉरला टळत नाही, पण लांब फिरणाऱ्याला तो जास्त.

कॉकरबद्दल थोडं. लहान चणीचा, खाणं निम्मं, बुद्धी तल्लख. कागदावर तुमच्या बजेटला तोच बसतो. पण फोंड्याला माझ्या एका अशिलाकडे कॉकर आहे. जुलैत कधी गेलो तर तो पायाशी येऊन बसतो आणि डोकं एका बाजूला झटकत राहतो. लोंबता कान उचलून बघितला तर आत चॉकलेटी, चिकट मळ आणि आंबलेल्या पिठासारखा वास. पावसाचे चार महिने दमट हवा त्या कानात कोंडून राहते. दर आठवड्याला कान पुसायचे, थेंब घालायचे, तरी पावसाळ्यात डॉक्टरची फेरी चुकत नाही. केसांची कातरणी दीड-दोन महिन्यांनी. खाण्यात वाचलेले दीडेक हजार इथे परत जातात. पणजीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मी कदाचित कॉकरच सांगितला असता, पावसाळी चिखलातल्या घराला नाही.

लॅब्रॅडॉरही बिनदोष नाही. तो खादाड आहे, आणि त्यात त्याचा दोष कमी. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असं आढळलं की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॅडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्यामुळे आई ‘बिचारा बघतोय’ म्हणून पोळी टाकेल तिथेच खुब्याचा आणि सांध्यांचा खर्च सुरू होतो. घरचा भात आणि उकडलेलं चिकन किंवा अंडी घालून खाद्याचा हजारभर खर्च वाचवता येईल, माझी हरकत नाही. हुमण (माशाची आमटी), मीठ-तिखट आणि माशाचे काटे मात्र नकोत. गोचिडाच्या गोळीत काटकसर करू नका. आपल्या हवेत टिक फिव्हर (गोचीडताप) नेहमीचा, आणि एकदा झाला की रक्ततपासण्या आणि चार आठवडे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक. रेबीजच्या लसीचा खर्च वाचू शकतो. मिशन रेबीज ही संस्था २०१४ पासून गोव्यात मोफत लसीकरण करतंय आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीरही झालं. पार्व्हो, डिस्टेंपर आणि लेप्टो या आजारांच्या लसींचे पैसे मात्र ठेवायला हवेत. भातशेतीच्या गावात लेप्टो विसरून चालत नाही.

पिल्लू बघायला जाल तेव्हा केनेल क्लबच्या कागदावर भाळू नका. त्यातून आई-बाप कोण एवढं कळतं, त्यांचे खुबे कसे आहेत ते कळत नाही. दोघांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे मागा. नसतील तर त्याच किमतीत दुसरीकडे बघा. आई समोर दाखवायला टाळाटाळ केली तर परत या. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे.

त्याच नियमांमुळे मित्रांचा वसुलीचा सल्लाही बाद होतो. पैदास करून विकायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तपासणी होते, वह्या ठेवाव्या लागतात. कुत्रीची सोनोग्राफी, सिझेरियन झालंच तर त्याचं बिल, आठ आठवडे सात-आठ पिल्लांचं खाणं, त्यांच्या पहिल्या लसी, हे सगळं तुमच्या ४,८०० मधून करणार? एकही पिल्लू दगावणार नाही आणि सगळी महिन्याभरात विकली जातील असं गृहीत धरलं तरच तो धंदा नफ्यात दिसतो. मी तुमच्या हिशेबात उत्पन्नाच्या बाजूला शून्य लिहिलंय.

आता जानेवारीच का. एक तर मोटरसायकलचे पाच हप्ते उरलेत, शेवटचा डिसेंबरात. जानेवारीपासून तुमच्या हातात ४,८०० ऐवजी ९,००० राहतील. कुत्र्याचे ५,००० गेले तरी ४,००० उरतात आणि एसआयपीला हात लागत नाही. दुसरं, ऑगस्ट ते डिसेंबर दर महिन्याला ४,८०० वेगळ्या खात्यात टाका, जणू कुत्रा घरात आलाच आहे. पाच महिन्यांचे २४,००० होतील. चवथीला (गणेशचतुर्थीला) त्यातले तीनेक हजार जातील हे धरूनच चालतो. आजचे २०,००० मिळवून ४१,०००. त्यातून पिल्लू १८,०००, पहिल्या वर्षाच्या लसी, भांडी, पट्टा, झोपायची जागा आणि पुढे नसबंदीचे मिळून १५,०००. उरलेले ८,००० डॉक्टरची गंगाजळी. आणि ते ४,८०० तीन महिने सलग बाजूला पडले नाहीत, तर कुत्रा वर्षभर पुढे ढकला.

तिसरं कारण नेमबाजाचं आहे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाच्या मनात बसलेली भीती सहसा जात नाही. चवथीचे फटाके आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीचा दणदणाट त्याच्या पहिल्या आठवड्यांत कानावर पडला तर पुढे बंदुकीचा आवाज ऐकून तो पळेल, आणि तसा कुत्रा गनडॉग म्हणून वाया गेला. जानेवारीत आणलेल्या पिल्लाला पावसाआधी पाच कोरडे महिने मिळतात. आवाजाची सवय लांबून, जेवणाच्या वेळी, हळूहळू लावा. वर्षाचा होईपर्यंत मेरेवरून उड्या मारायला लावू नका, खुबे तेव्हाच बिघडतात.

विमा निघतो, पण नियमित लसी आणि आधीपासूनचे आजार त्यात सहसा धरत नाहीत. पहिली दोन वर्षं हप्त्याऐवजी तेवढे पैसे डॉक्टरच्या खात्यात टाका. दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारी पॉलिसी स्वस्तात मिळाली तर ती घ्या, तुमचा रस्ता वाहता आहे.

बारा बोअर त्याच वर्षी घेऊ नका. परवान्याला तसाही वेळ लागेल, अर्ज आत्ता करून ठेवा. जानेवारीनंतर उरणाऱ्या ४,००० पैकी ३,००० रिकरिंग डिपॉझिटला लावा आणि पहिल्या वर्षाचे डॉक्टरचे खरे आकडे हातात आल्यावर बंदुकीची रक्कम ठरवू. पॉइंटरवाल्याला मात्र आजच फोन करून नाही सांगा. बयाणा दिला असेल तर लेखी मागा, आणि परत मिळाला नाही तरी उरलेल्या हप्त्यांत अडकू नका.