जर्मनीत कापलेलं पेन्शन काढून घ्यावं का?

परदेशातून कायमची परतलेली मंडळी माझ्याकडे येतात ती घर, मुलांची शाळा, टॅक्स असल्या प्रश्नांसाठी. पण उठता उठता एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, तिकडे पेन्शनपोटी पगारातून जे कापलं ते बुडालंच ना?"

बुडत नाही. निदान ज्या देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, तिथे तरी नाही. बुडवतो आपणच, आणि तेही बऱ्याचदा इथे बसून, मोबाइलवर एक ऑनलाइन फॉर्म भरून.

अलीकडेच एक बाई वडिलांना घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय 36, सॉफ्टवेअरमध्ये. पुण्यात 2012 ते 2019 अशी सात वर्षं नोकरी, मग म्युनिकमध्ये तिथल्याच कंपनीत सव्वाचार वर्षं. नोव्हेंबर 2023 मध्ये परत आल्या. आता घरूनच स्वतःची कामं घेतात, पुन्हा नोकरी करायचा विचार नाही. वडील वीज मंडळातून निवृत्त झालेले, आणि स्वतःचा मुद्दा घरूनच पक्का करून आलेले.

बाईंसमोर दोन अर्ज होते. एक जर्मन पेन्शन खात्याकडचा, कापलेली वर्गणी परत मागण्याचा. दुसरा इथल्या पीएफचा, म्हणजे पेन्शनची रक्कम काढण्याचा फॉर्म 10 सी. जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ला मिळाला होता, "दोन्ही काढून टाक, मोकळी हो." वडिलांचंही तेच म्हणणं, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?"

मी आधी 10 सी बाजूला ठेवायला सांगितला. दोघांनाही नवल वाटलं, कारण त्यातले पैसे सगळ्यात कमी, लाखभर रुपये. युरोंचं सोडून ही लाखाचं काय घेऊन बसली, असा काकांचा चेहरा झाला.

गोष्ट अशी आहे. जर्मनीत म्हातारपणचं पेन्शन मिळायला किमान पाच वर्षांची, म्हणजे 60 महिन्यांची वर्गणी लागते. बाईंचे भरतात 51. आपल्याकडे कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस 95 मध्ये, दहा वर्षांची सेवा लागते. त्यांची होते सात. दोन्हीकडे अपुरं. पण भारत आणि जर्मनीत 2011 साली करार झाला आणि 1 मे 2017 पासून तो लागू आहे. त्यानुसार पात्रता ठरवताना दोन्हीकडचा काळ एकत्र धरता येतो. 84 महिने इथले, 51 तिथले, बेरीज 135. जर्मनीची पाच वर्षंही पार आणि आपली दहा वर्षंही पार.

"म्हणजे जर्मनीतले पैसे तिच्या पीएफला जमा होणार?" काकांनी विचारलं.

"नाही काका. पैसे कुठेच हलत नाहीत. जोडले जातात ते फक्त महिने. जर्मनी आपल्या 51 महिन्यांपुरतं पेन्शन देणार, आपलं ईपीएफओ, म्हणजे इथलं पीएफ खातं, सात वर्षांपुरतं. दोन वेगवेगळी पेन्शनं, दोन्ही इथे बसून घेता येतात."

आता 10 सी भरला असता तर काय झालं असतं? ती सात वर्षं पुसली गेली असती. मग जर्मनीला जोडून दाखवायला हातात काहीच उरत नाही. 51 चे 60 होत नाहीत आणि तिथल्या पेन्शनचा दरवाजाही बंद. लाखभर रुपयांपायी हे होतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही, कारण पुण्यातल्या फॉर्मवर जर्मनीबद्दल अवाक्षर नसतं. शिवाय, उद्या विचार बदलून इथे नोकरी धरली तर? 1 सप्टेंबर 2014 नंतर नव्याने पीएफमध्ये येणाऱ्याचा मूळ पगार 15,000 च्या वर असेल तर त्याला ईपीएस मिळतच नाही. जुनं सदस्यत्व मोडलं की परतीची वाट नाही. म्हणून काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे पैसे न काढता सेवेची वर्षं नोंदीत कायम ठेवणारा कागद. ते त्याच 10 सी फॉर्मवर मागता येतं, फक्त पर्याय नीट वाचून निवडायचा.

मग युरोंकडे वळलो. 60 पेक्षा कमी महिने भरून भारतात परतलेल्या भारतीयाला नोकरी सुटल्यानंतर 24 महिन्यांनी वर्गणी परत मागता येते. मिळतो तो फक्त स्वतःचा हिस्सा, पगाराच्या 9.3 टक्के. मालकाने भरलेले तेवढेच पैसे तिथेच राहतात, व्याज नाही, आणि एकदा घेतले की जर्मनीशी हिशेब संपला. बाईंचे साधारण 23,000 युरो होत होते.

न घेतले तर? तिथे गुणांची पद्धत आहे. वर्षाचा पगार देशाच्या सरासरीइतका असेल तर एक गुण, जास्त असेल तर त्या प्रमाणात जास्त. बाईंचे सहाच्या आसपास गुण होते. जुलै 2025 च्या दराने एका गुणाचे महिन्याला 40.79 युरो. म्हणजे वयाच्या 67 व्या वर्षापासून महिना साधारण 240 युरो, त्या भावाने. कर वेगळा. हा दर तिथल्या पगारवाढीबरोबर वाढत असतो. त्याच दराने धरलं तरी आठ वर्षांत 23,000 वसूल.

काकांनी लगेच गणित मांडलं, "म्हणजे पंचाहत्तरी गाठली पाहिजे. आणि आत्ताचे पैसे एफडीत ठेवले तर?" प्रश्न रास्त होता. घरावर कर्ज असतं किंवा दुखणं असतं, तर मीच म्हणाले असते की घ्या. पण बाईंना तशी निकड नव्हती. शिवाय आज थांबलं तर परतावा पुढेही मागता येतो, आज घेतला तर पेन्शन पुन्हा मिळवता येत नाही. त्यांच्यामागे नवऱ्याला मिळू शकणारं पेन्शनही त्याच खात्याला बांधलेलं. माझा कल थांबण्याकडे होता आणि मी तो लपवला नाही.

खरा वेळ गेला तो नावात. पीएफमध्ये माहेरचं नाव: स्वतःचं, वडिलांचं, माहेरचं आडनाव. लग्नानंतर पासपोर्ट बदलला, त्यामुळे जर्मनीत मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. दोन देशांची खाती तीस वर्षांनी हे कागद जुळवायला बसतील तेव्हा त्यांना या दोन वेगळ्याच बायका वाटतील. त्यात पुण्यातल्या जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर चढवलीच नव्हती. ती कंपनी अजून चालू आहे हे नशीब, कारण नावदुरुस्तीच्या संयुक्त अर्जाला तिची मान्यता लागते. हे काम आत्ताच उरकायला सांगितलं. सोबत जर्मन विमा क्रमांक, तिथल्या वर्गणीचा महिनावार तक्ता, पगाराच्या स्लिपा आणि विवाह प्रमाणपत्र एका फाइलीत, आणि ती फाइल कुठे आहे हे नवऱ्याला माहीत हवं.

बाईंनी योजना प्रमाणपत्राचा अर्ज केला आणि युरोंचा अर्ज तूर्त ठेवून दिला.

निघताना काकांनी धाकट्याचा विषय काढला. तो न्यू जर्सीत, आठ वर्षं झाली, परत यायचं म्हणतोय. त्याचंही असंच जोडता येईल का? अमेरिकेशी आपला असा करार नाही. तिथे पेन्शनसाठी 40 क्रेडिट, म्हणजे कमाईवर मिळणारे गुण, लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षांची नोकरी. त्याआधी परतला तर पेन्शन नाही आणि कापलेलं परतही मिळत नाही. तिकीट काढण्याआधी त्याला तिथल्या पेन्शन खात्याच्या, म्हणजे सोशल सिक्युरिटीच्या साइटवर आपली क्रेडिट मोजायला सांगा, एवढंच मी म्हणाले. काकांनी जिन्यातूनच त्याला फोन लावला. तिकडे रात्रीचे दोन वाजले होते.