ओपन सोर्स प्रकल्पातले स्वयंसेवक कोडवरून नाही, पण नाव आणि लोगोवरून एवढे का भांडतात?

तुम्ही लिहिलंय की वर्षानुवर्षं एकत्र काम करणारी माणसं नव्या नावाच्या आणि लोगोच्या प्रस्तावानंतर एकमेकांशी धड बोलत नाहीयेत, दोघांनी तर काम सोडलं, आणि एका चित्रावरून एवढं काय बिनसलं हे तुम्हाला उमगत नाहीये. अशाच एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पात मी बरीच वर्षं मदतपुस्तिकेचं आणि भाषांतराचं काम करते. नाव बदलण्याचं एक प्रकरण आतून पाहिलंय. त्यावरून मला वाटतं, तुमच्याकडचं भांडण चित्रावरून नसावं. काहीतरी परस्पर ठरलं, त्यावरून असावं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. मुख्य गटातल्या चार जणांनी काही महिने खपून नवं नाव आणि नवा आयकॉन तयार केला. मनापासून केला, आणि आयकॉन चांगलाही होता. पण बाकीच्यांना तो कळला थेट जाहीर झाल्यावर. इन्स्टॉलेशनची पुस्तिका सांभाळणारा आमचा एक सहकारी होता. तीन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रोग्रॅम चालवून त्याने एकेक स्क्रीनशॉट घेतलेला, आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात जुना आयकॉन. घोषणेखाली त्याने एकच ओळ लिहिली: ‘पुस्तिकेतली चित्रं कोण बदलणार?’

दोन दिवस त्याला कुणी उत्तर दिलं नाही. आम्ही सगळे निळ्या रंगाची छटा बरोबर आहे का, यावर वाद घालत होतो. त्यात मीही होते, आणि त्याची मला आजही खंत वाटते. महिनाभरात तो गेला. पुढे कितीतरी दिवस पुस्तिकेत जुनंच नाव दिसत राहिलं, आणि नवे लोक विचारत राहिले की आम्ही चुकीचा प्रोग्रॅम तर डाउनलोड केला नाही ना? बऱ्याच काळाने मी त्याला पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं होतं, आधी विचारलं असतं तर दोन शनिवार-रविवारांत मी सगळी चित्रं बदलून दिली असती.

आता कोडवरून अशी भांडणं का होत नाहीत? होतात, पण मिटतात, कारण तिथे निवाडा करणारं काहीतरी असतं. टेस्ट पास होते किंवा होत नाही. पॅच, म्हणजे कुणी सुचवलेला बदल, नाकारला तर कारण द्यावं लागतं. आणि अगदीच पटलं नाही तर लायसन्स तुम्हाला कोड घेऊन वेगळं व्हायची मुभा देतं. नावाचं तसं नाही. कोड सगळ्यांचा असला तरी ट्रेडमार्क, म्हणजे नावावरचा कायदेशीर हक्क, बहुधा कुणा एका संस्थेचा किंवा कंपनीचा असतो. एरवी कुणाला त्याची आठवणही होत नाही. नाव बदलायची वेळ आली की स्वयंसेवकाला पहिल्यांदा दिसतं की आपण ज्याला ‘आमचं’ म्हणत होतो त्याच्या कागदावर आपलं काहीच नाही. त्याला पगार नसतो. ‘मी यात आहे’ असं ज्या नावाने तो सांगतो, ते नाव हीच त्याची कमाई. ते त्याला न विचारता बदललं, तर तो रंगावरून भांडेल, फाँटवरून भांडेल, कारण मनातलं बोलायला त्या चर्चेत जागाच ठेवलेली नसते.

मोठमोठ्या प्रकल्पांतही हेच झालंय. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम. डेबियनवाले त्यात फायरफॉक्स ब्राउझर देताना त्याचं नाव ठेवत, पण लोगो वापरत नसत, कारण लोगोचं लायसन्स त्यांच्या नियमांत बसत नव्हतं. 2006 मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने सांगितलं की नाव वापरायचं तर लोगोसकट वापरा आणि केलेले बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या. जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेचे पॅच स्वतः लावणाऱ्या डेबियनला हे जमणारं नव्हतं. त्यांनी ब्राउझरचं नाव बदललं: फायरच्या जागी आइस, फॉक्सच्या जागी वीझल, म्हणजे आइसवीझल. ते थेट 2016 पर्यंत चाललं. आपापल्या जागी दोघांचं बरोबर होतं असं मला वाटतं. मोझिलाला आपल्या नावाखाली भलतंच काही लोकांपर्यंत जायला नको होतं, आणि डेबियनला आपल्या कामावर दुसऱ्याची सही नको होती.

त्याआधीची गोष्ट तर उलटी आहे. हाच ब्राउझर आधी फीनिक्स होता. ट्रेडमार्कची अडचण आली म्हणून एप्रिल 2003 मध्ये त्याचं नाव फायरबर्ड झालं. पण त्या नावाचा ओपन सोर्स डेटाबेस आधीपासून होता, आणि त्याच्या स्वयंसेवकांनी जोरदार हरकत घेतली. शेवटी फेब्रुवारी 2004 मध्ये फायरफॉक्स हे नाव आलं.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचं. जुलै 2020 मध्ये 7.0 ची चाचणी आवृत्ती आली आणि लोकांना तिच्यावर ‘पर्सनल एडिशन’ असे दोन शब्द दिसले. हेतू वाईट नव्हता. लिबरऑफिसच्या विकासाचा मोठा भार काही कंपन्या उचलत होत्या, आणि मोठ्या संस्थांनी फुकट आवृत्ती वापरण्याऐवजी त्यांच्याकडून सेवा विकत घ्यावी, म्हणून हा फरक दाखवायचा होता. पण ‘पर्सनल’ म्हटल्यावर शाळेत, कार्यालयात, संस्थेत ती बसवून देणाऱ्या स्वयंसेवकाने काय समजायचं? की आपण नियम मोडतोय? उद्या ही आवृत्ती अपुरी होणार? लिबरऑफिस चालवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेला खुलासा करावा लागला की लायसन्स बदलणार नाही. ऑगस्टमध्ये 7.0 आली तेव्हा ते शब्द त्यात नव्हते. 2021 च्या फेब्रुवारीत 7.1 आली ती ‘कम्युनिटी’ हे लेबल लावून. फरक दाखवायचा होता तो दाखवलाच, पण स्वयंसेवकाला परकं करणारा शब्द गेला आणि त्याला आत घेणारा आला. तुमच्या मुख्य गटाने हे प्रकरण जरूर नजरेखालून घालावं.

तर तुम्ही आता काय करावं? लोगोवरचं मतदान चालू असेल तर आधी ते थांबवा. तीन चित्रं समोर ठेवून आवडनिवड विचारली की हरलेला गट त्या चित्राकडे कायम दुखऱ्या डोळ्यांनी बघतो. ‘बदल करायचा की नाही’ यावर मत घ्या, ते सरळ असतं. हडसन हे प्रोग्रॅम आपोआप तयार करून तपासणारं एक साधन. 2011 च्या जानेवारीत हडसनवाल्यांनी हेच केलं. ओरॅकल कंपनीने नावावर हक्क सांगितल्यावर जेंकिन्स या नव्या नावाने पुढे जायचं का, एवढाच प्रश्न होता. उत्तर एकतर्फी आलं आणि माणसं कामाला लागली.

मग नाव कुणाच्या मालकीचं आहे ते स्पष्ट लिहून सगळ्यांसमोर ठेवा. अडचणीचं असलं तरी ठेवा.

आणि चित्र निवडण्याआधी जुनं नाव कुठे कुठे आहे याची मोजदाद करा. कमांडचं नाव, सेटिंगचं फोल्डर, पॅकेज, भाषांतराच्या ओळी, पुस्तिकेतली चित्रं. प्रत्येक जागेपुढे ती जागा सांभाळणाऱ्या माणसाला विचारून लिहा की हे बदलायला किती वेळ लागेल आणि बदलायलाच हवं का. सगळं बदलावं लागत नाही. जेंकिन्सच्या कोडमध्ये आजही पॅकेजच्या नावांत ‘हडसन’ आहे, आणि लिबरऑफिस सुरू केलं की प्रोसेसच्या यादीत ‘एसऑफिस’ दिसतं, ते तर ज्यातून लिबरऑफिस आलं त्या स्टारऑफिसच्या काळापासूनचं. कुणाचं काही बिघडलेलं नाही. दुसऱ्या वेळी आयकॉन बदलायचा ठरला तेव्हा आम्ही ही यादी आधी केली. वाद तेव्हाही झाला, पण त्यात कुणी गेलं नाही.

सोडून गेलेल्या त्या दोघांना याच आठवड्यात वेगवेगळं पत्र लिहा. लोगो कसा वाटला हे विचारू नका. ते जे काम सांभाळत होते त्याचं नाव घेऊन लिहा, आणि ठरवण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं, हे त्यात स्पष्ट शब्दांत येऊ द्या.