यलोनाइफला पाळक म्हणून जाताना: घरच्या आठवड्याचं काय?

सलाम पाळकसाहेब,

फोंड्याच्या चर्चची मंडळी सोडून बायको आणि दोन मुलांसह कॅनडाच्या उत्तरेतल्या यलोनाइफला जायचं घाटतंय, आणि तिथे आठवड्यात घरासाठी वेळ उरतो का, असं तुम्ही विचारलंत. उपासना, प्रार्थना सभा, भेटी हे सगळं तिथेही तेच. पण गोव्यात पाळकाच्या घरचा गॅस संपला तर मंडळीतला कुणी बंधू सिलिंडर आणून टाकतो. तिथे प्रत्येकाच्या मागे आपलं घर उबदार ठेवायचा व्याप असतो. हे काम वेळापत्रकात धरलं नाही, तर ते हमखास रविवारीच अंगावर येतं.

म्हणून रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू होतो असं समजा. जानेवारीत पारा उणे ३० ते उणे ४० पर्यंत उतरतो. गाडीच्या इंजिनाला ब्लॉक हीटर, म्हणजे ते गरम ठेवणारं विजेचं यंत्र, लागतो. त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढलेली असते. उणे २० च्या खाली ती घराबाहेरच्या प्लगला जोडायची. रात्रभर चालू ठेवून विजेचं बिल वाढवू नका, निघण्याआधी तीन-चार तास पुरतात, टायमर लावा. एक्स्टेन्शन वायर जाड आणि थंडीसाठीच बनवलेली घ्या, साध्या वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. वायर न काढताच गाडी मागे घेणं हा नवख्यांचा ठरलेला घोटाळा. चर्चचा थर्मोस्टॅट (आतलं तापमान ठरवणारं बटण) आठवडाभर कमी ठेवत असतील, तर तोही शनिवारीच वाढवावा लागतो. आयत्या वेळी वाढवला तर हवा तापते, बाकं आणि भिंती गारच राहतात.

डिसेंबरअखेर सूर्य सकाळी दहाच्या सुमाराला उगवतो आणि तीनला मावळतो, तेव्हा मुलांना संडे स्कूलसाठी अंधारातच उठवायचं. कपडे चढवायला वीस मिनिटं धरा. आत थर्मल (सुती नको, घामाने ओलं झालं की तेच गारठवतं), वर फ्लीस, मग स्नोपँट, बूट, पार्का (टोपीवाला जाड कोट) आणि शेवटी हातात मिटन्स. बोटं एकत्र राहतात म्हणून साध्या हातमोज्यांपेक्षा मिटन्स उबदार. शू-शी आधी उरकून घ्या, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. वाऱ्यासकट थंडी उणे ४० वाटत असेल तर उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठू शकते. गाल, नाक, कानांकडे लक्ष ठेवा. पाळकीणबाईंना साडी नेसायची असेल तर थर्मलवर खुशाल नेसता येते. बूट चर्चच्या दारात काढून आतल्या चपला घालायच्या, सगळेच तसं करतात.

गोव्याचं घड्याळ हिवाळ्यात साडेबारा तास पुढे असतं. तिथे रविवारी सकाळचे साडेसात, तेव्हा इकडे रात्रीचे आठ. आजी-आजोबांबरोबरची कौटुंबिक प्रार्थना या वेळेला बसवता येते. मुलांची मराठी टिकवायलाही याहून सोपा उपाय नाही.

सोमवार सुट्टीचा. ही सुट्टी चर्चच्या बोलावण्याच्या पत्रात लेखी घ्या, कारण वीसेक हजार वस्तीच्या गावात पाळक सगळ्यांना सापडतो. त्या दिवशी सकाळी एक तास घराचा: हीटिंग ऑइलच्या टाकीचा काटा बघणं, फर्नेसचा (त्या तेलावर घर तापवणाऱ्या भट्टीचा) फिल्टर तपासणं, बाहेरच्या धुराड्यावर साचलेला बर्फ काढणं. टाकी पाव भागावर आली की लगेच टँकर मागवा. तेल संपलं तर प्रश्न नुसत्या थंडीचा नसतो. नळ गोठून फुटतात आणि दुरुस्ती महाग पडते. ओल्ड टाउनच्या काही भागांत पाणीही टँकरने येतं, तेव्हा पाळकगृह कुठल्या भागात आहे ते आधी विचारा. तेलाचं बिल कोण भरणार हेही लेखी हवं. पगाराचा आकडा कितीही चांगला दिसो, हे बिल तुमच्या माथी आलं तर हिशेब बदलतो.

मधल्या दिवसांच्या भेटी फोन करूनच. दोन घरांपेक्षा जास्त एका दिवशी धरू नका, प्रत्येक दारात पंधरा मिनिटं बूट-कोटातच जातात. दफनविधीचं गणितही वेगळं. जमीन गोठलेली असते, म्हणून उत्तरेत काही ठिकाणी कबरी थंडीआधीच खणून ठेवतात, काही ठिकाणी दफन बर्फ वितळेपर्यंत थांबतं. मग त्याच कुटुंबाकडे दोनदा उभं राहावं लागतं.

पाळकीणबाईंचं खरं तर आधी लिहायला हवं होतं. काळोखाच्या दिवसांत घरात बसून राहिलं की मन खचतं, आणि ‘पाळकाची बायको’ एवढीच ओळख पुरत नाही. कॅनडात धर्मगुरूंना कामाचा परवाना न घेताही सेवा करता येईल अशी तरतूद आहे, तरी परवाना काढूनच जा. एनओसी म्हणजे कॅनडाची सरकारी व्यवसाय-यादी. तिच्यातला ४१३०२ हा धर्मगुरूंचा गट टीअर १ या पातळीत येतो, त्यामुळे जोडीदाराला ओपन वर्क परमिटचा (कुठल्याही एका मालकाशी न बांधलेल्या परवान्याचा) अर्ज करता येतो. मात्र अर्जाच्या वेळी तुमच्या परवान्याची मुदत किमान १६ महिने शिल्लक हवी. बाईंनी आठवड्यातले दोन दिवस तरी मंडळीबाहेर काम करावं.

करात दोन सवलती चुकवू नका. राहत्या घरासाठी टी१२२३ फॉर्म. त्यातला एक भाग चर्चने भरायचा असतो. उत्तरेत सलग सहा महिने राहिलात तर टी२२२२ फॉर्म. दिवसाला ११ डॉलर, आणि घरातून तुम्ही एकटेच दावा करत असाल तर २२ डॉलर वजावट मिळते.

नुस्तं (मासळी) मिळतं, पण तळ्याचं. ग्रेट स्लेव्ह लेकचा व्हाइटफिश रव्यात तळायला छान, आमटीला मात्र बांगड्याची चव येत नाही. सोलं आणि तिरफळं इथूनच न्या आणि विमानतळावर सगळं जाहीर करा. तबला-पेटी नेणार असाल तर सांभाळून: फर्नेसच्या कोरड्या हवेत पुडी ताणून फाटते, पेटीच्या लाकडाला भेगा जातात. बंद पेटाऱ्यात हवेतला ओलावा टिकवणारी पाकिटं ठेवा. अख्ख्या खोलीत वाफ वाढवलीत तर खिडक्यांवर आतून बर्फ धरतो.

उन्हाळाही निवांत नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये वणव्यामुळे अख्खं शहर रिकामं करावं लागलं होतं. जून ते सप्टेंबर पासपोर्ट, परवाने, दाखले आणि औषधं एका पिशवीत दाराजवळ ठेवा आणि गाडीची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका.