दीर्घिका की आकाशगंगा?

मुलुंडच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: सातवीतल्या लेकीनं विज्ञान प्रकल्पात 'भारतीय संशोधकांनी अलकनंदा ही नवी आकाशगंगा शोधली' असं लिहिलं. शाळेतल्या बाईंनी 'आकाशगंगा' खोडून 'दीर्घिका' केलं. मुलीचं म्हणणं, बातमीत तर आकाशगंगाच होतं. मग बरोबर कोण?

बाई बरोबर. पण मुलीचं चुकलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आजच्या मराठी खगोलशास्त्रात आकाशगंगा हे विशेषनाम आहे: आपला सूर्य जिच्यात आहे ती. दीर्घिका, म्हणजे इंग्रजीतली गॅलक्सी, हे अशा प्रत्येक तारकासमूहाचं सामान्यनाम. आकाशगंगा ही एक दीर्घिका, देवयानी ही दुसरी, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची. शंभर वर्षांपूर्वी हा भेद करायची फारशी गरजच नव्हती. देवयानीचा तो धूसर डाग म्हणजे आपल्याच आकाशगंगेतला तेजोमेघ, असं बरेच जाणकार मानत. १९२३ साली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना त्यात एक रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, तारा सापडला. त्यावरून अंतर काढलं, तर तो डाग आकाशगंगेच्या पार बाहेर निघाला. एकीच्या अनेक झाल्या आणि सगळ्यांना मिळून एक शब्द लागला.

मराठीत रुळला तो दीर्घिका. संस्कृतात याचा अर्थ लांबट विहीर किंवा तळं. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'वापी तु दीर्घिका' असं चक्क दिलंय. अब्जावधी ताऱ्यांच्या पसाऱ्याला तळं का म्हणावं? कॉलेजात असताना मलाही हा शब्द ओढूनताणून आणलेला वाटायचा. मग अमरकोशातच दुसरी ओळ भेटली: 'मन्दाकिनी वियद्गङ्गा स्वर्णदी सुरदीर्घिका'. ही स्वर्गातल्या गंगेची चार नावं. वियत् म्हणजे आकाश, तेव्हा वियद्गंगा ही सरळ आपली आकाशगंगा. सुरदीर्घिका म्हणजे देवांचं तळं. आणि हिंदीच्या परिभाषेत गॅलक्सीला शब्द आहे मंदाकिनी. तिन्ही शब्द एका ओळीत! परिभाषा घडवणाऱ्यांचं बोट याच ओळीवरून फिरलं असावं, हा आपला माझा कयास.

अलकनंदा हे नावही त्याच घरातलं. पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र हे आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचंच. तिथल्या दोघा संशोधकांना जेम्स वेब या अंतराळातल्या दुर्बिणीच्या चित्रांत ही सर्पिल दीर्घिका दिसली. हिंदीत आपल्या आकाशगंगेलाही मंदाकिनी म्हणतात आणि ही दिसते आकाशगंगेसारखीच, म्हणून तिला मंदाकिनीच्या बहिणीचं नाव दिलं. हिमालयातल्या या दोन नद्या रुद्रप्रयागला मिळतात.

बातमीत आकाशगंगा का, तर बोलीतल्या हिंदीत कुठल्याही दीर्घिकेला आकाशगंगाच म्हणतात आणि मुंबईत मराठी बातमी पुष्कळदा हिंदीला घासून येते. तरी याला निव्वळ हिंदीचा दोष म्हणू नये. गंगा हे नाव आपणही एका नदीपुरतं ठेवलेलं नाही. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. मग आकाशातल्या गंगाही अनेक का नसाव्यात? असाव्यात की, पण 'आकाशगंगेपासून सर्वांत जवळची मोठी आकाशगंगा' असं लिहून पाहा. वाचणारा तिथेच अडखळतो. शिवाय आकाशगंगा हा डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूचा शब्द आहे. मुंबईच्या उजेडात ती दिसत नाही, पण वांगणीला उतरून अंधारात मान वर केली की तो पांढुरका पट्टा दिसतो. तो शब्द त्या पट्ट्यासाठीच राखावा, असं मला वाटतं.

सरळ गॅलक्सी लिहिलं तर? बोलताना मीही तेच म्हणतो. फक्त वांद्र्यात रिक्षावाल्याला सांगू नका, गॅलक्सी थिएटरसमोर नेऊन उतरवेल.

बाईंकडून मात्र मुलीच्या त्या वाक्यातल्या दोन गोष्टी सुटल्या. 'शोधली' म्हणजे मराठीत हुडकली, हरवलेली किल्ली हुडकतो तशी. इथे 'शोध लावला' हवं. आणि 'नवी' कशी? अलकनंदेचा आज दिसणारा प्रकाश निघाला सुमारे १२ अब्ज वर्षांपूर्वी, विश्वाचं वय जेमतेम दीड अब्ज वर्षं होतं तेव्हा. मुलीला म्हणावं, असं लिही: 'भारतीय संशोधकांनी अलकनंदा या अतिप्राचीन दीर्घिकेचा शोध लावला.'